थोडी अडचण हाय

लातूरला उद्योग भवनाच्या आसपास ट्यूशन एरिया आहे. संध्याकाळी एक बॅच सुटते, दुसरी भरते आणि तेवढ्या वेळात रस्त्यावर पोरांचा असा लोंढा येतो की मोटारसायकलवाल्याला उतरून गाडी ढकलत न्यावी लागते. परभणी, बीड, हिंगोली, यवतमाळ, सोलापूर, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला आलेली असतात. शिकवणारेही कुठकुठले. कुणी इथलेच, कुणी आंध्र-तेलंगणातून आलेले, कुणी कोट्याहून. पुस्तक एकच, एनसीईआरटीचं. इंग्रजी मात्र एक नाही. केमिस्ट्रीचे सर पाण्याला ‘हेच टू ओ’ म्हणतात, आणि एम, एन, एल ही अक्षरं त्यांच्या तोंडून यम, यन, यल होऊन बाहेर पडतात. फिजिक्सच्या सरांची ‘इस्प्रिंग’ लांबते आणि तिची ‘इस्पीड’ वाढते. बायोलॉजीच्या मॅडम अस्सल इथल्या, त्यांची ‘बायलॉजी’. रात्री खोलीवर यूट्यूब लावावं तर तिथला अमेरिकन ‘झेड’ला ‘झी’ म्हणतो. पोरं हे सगळं ऐकतात, सगळं एकाच वहीत उतरवतात आणि मेसमध्ये जेवताना भाजीवरून मराठीत भांडतात. नीटच्या ७२० गुणांत कानाला एकही गुण नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

पण उच्चाराचा फरक हा सगळ्या फरकांतला गरीब फरक. दोन दिवस कानाला टोचतो, तिसऱ्या दिवशी सवयीचा होतो. नांदेडच्या स्टेशनवर हे रोज चालतं. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस आली की उतरलेली पंजाबी मंडळी त्याला ‘सटेशन’ म्हणतात, उत्तर प्रदेशातला फरशी बसवणारा कारागीर ‘इस्टेशन’ म्हणतो, आणि आमची आज्जी ‘ठेसन’ म्हणायची. साहेबाचं जोडाक्षर कुणाच्याच पचनी पडलं नाही. पंजाब्यानं मधे ‘अ’ घातला, उत्तरेकडच्यानं आधी ‘इ’ जोडला, आज्जीनं ‘स’ काढूनच टाकला. दुष्काळी मुलखातली बाई, काटकसरीचाच मार्ग धरणार. तिघांच्या गाड्या मात्र कधी चुकल्या नाहीत.

खरी पंचाईत शब्द नीट ऐकू आल्यानंतर सुरू होते.

गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडात गुरुपद गुरू ग्रंथसाहिबांकडे सोपवलं. त्याला २००८ मध्ये ३०० वर्षं झाली तेव्हा शहराचे रस्ते रुंद झाले, विमानतळ सजला आणि जगभरातून यात्रेकरू आले. ते येणं पुढंही चालू राहिलं. सचखंड गुरुद्वाऱ्याजवळ एकदा इंग्लंडात जन्मलेला एक शीख तरुण ऑटोपाशी आला आणि ऑटोवाल्याला हसून म्हणाला, “यू ऑलराइट?” तिकडं हा नुसता रामराम असतो, उत्तराची अपेक्षा नसते. आमचा ऑटोवाला सरळ माणूस. त्याला वाटलं, आपला चेहरा उतरलेला दिसतोय.

“नो सर, बी.पी. लिटल हाय,” तो म्हणाला, आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत तेही सांगू लागला.

तरुणानं सहानुभूतीनं ऐकून घेतलं. मग ऑटोवाल्याला वाटलं, एवढी विचारपूस केली बिचाऱ्यानं, आपणही माणुसकी दाखवावी. “खाना हुआ क्या?” त्यानं विचारलं. तरुण म्हणाला, नाही झालं. आणि मोठ्या आशेनं बघत उभा राहिला. आता आपल्याकडं ‘जेवण झालं का’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर नसतंच, हे त्याला कोण सांगणार? ऑटोवाला क्षणभर गांगरला आणि मग त्यानं लंगरकडं बोट दाखवलं. नांदेडात ती एक सोय आहे. भाषेचा कितीही घोटाळा झाला तरी कुणी उपाशी राहत नाही.

दोघांनी एकमेकांना नमस्कारच केला होता. फक्त दोघांनाही तो प्रश्न वाटला.

मराठवाड्याला अशा गोंधळाची सवय जुनी आहे. मुंबई-पुण्यात इंग्रजी साहेबाबरोबर थेट आली. आमच्याकडं ती हैदराबादेवरून वळसा घेऊन, उर्दूची शेरवानी घालून आली. राज्य निजामाचं, कचेरी उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं, इंग्रजी तिथं सक्तीचा विषय. आमच्या आजोबांच्या पिढीचा माणूस घरात मराठी बोलायचा, बाजारात दखनी, तहसिलीत उर्दू. देगलूर-धर्माबादकडचा असला तर सोयऱ्यांशी तेलुगू, उदगीर-निलंग्याकडचा असला तर कानडी. इंग्रजीची गाठ तार आली तरच पडायची, आणि तार म्हटलं की आधी रडून घ्यायचं, मग वाचायला माणूस शोधायचा. स्वामी रामानंद तीर्थांचंच बघा. जन्म कानडी मुलखातला, लढा निजामाशी, कर्मभूमी मराठवाडा, आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याच्या आठवणी लिहिल्या इंग्रजीत. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अजूनही तलाठ्याच्या वरच्या माणसाला पुण्याकडं सर्कल म्हणतात, आमच्याकडं गिरदावर. एक इंग्रजीकडून आलेला, एक फारसीकडून. ‘मंडळ अधिकारी’ हा मराठी शब्द आहे, तो पाटीवर असतो.

ब्रज काचरू नावाचे काश्मिरी भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेत शिकवायचे. १९८५ मध्ये त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या जगाची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात जन्मापासून इंग्रजी बोलणारे, मधल्यात साहेबाचं राज्य भोगलेले आपल्यासारखे, बाहेरच्यात उरलेलं जग. मांडणी नामी आहे. मात्र नांदेडहून निघालेली एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचेपर्यंत ‘काय करायलास’चं ‘काय करलालास’ होतं, आणि त्याच गाडीत मागच्या सीटवर देगलूरकडचा एक गृहस्थ फोनवर ‘माय को-ब्रदर’ म्हणत असतो, तेव्हा हे नेमकं कुठलं वर्तुळ, असा प्रश्न पडतो. को-ब्रदर म्हणजे साडू. विलायतेत बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याशी कुणाला फारसं देणंघेणं नसावं, म्हणून वेगळा शब्द नाही. दक्षिणेतल्या लोकांना होतं, त्यांनी इंग्रजीत घडवून घेतला. ‘प्रीपोन’ही आपणच वापरून रूढ केला आणि आता तो ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसलाय. लग्नाची तारीख अलीकडं घ्यायची पाळी आपल्यावर जास्त येते, एवढाच त्याचा अर्थ.

आता आमच्या मामांकडं वळतो, कारण या विषयातलं माझं बहुतेक शिक्षण त्यांच्या घरात झालं. मामा लातूरचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. मुलगी लीड्सला, मुलगा डॅलसला. म्हणजे घरात दोन इंग्रज्या, आणि मामांची तिसरी. रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवाचं गणित घेणं हा मामांचा छंद.

“बोल बाळा, थ्री इन्टू सिक्स?” मामांनी सुरुवात सोपी ठेवली.

“टू,” नातू म्हणाला.

मामांना वाटलं, रेंज गेली. “थ्री इन्टू सिक्स!”

“टू, आजोबा.”

“अरे एटीन!”

“हाऊ?”

मामांनी चष्मा काढला. ज्या मुलखानं जगाला इंग्रजी शिकवली त्या मुलखात तीन सक अठरा होत नाहीत, हा धक्का लहान नव्हता. शेवटी आमच्या मामेबहिणीनं मधे पडून उलगडा केला. आपल्या शाळांत ‘इन्टू’ म्हणजे गुणिले. तिथल्या शाळेत ‘थ्री इन्टू सिक्स’ म्हणजे सहात तीन कितीदा जातात. दोघांचं गणित बरोबर होतं. “मग गुणाकाराला काय म्हणतो रे तू?” मामांनी विचारलं. “टाइम्स.” “टाइम्स? ते तर पेपरचं नाव आहे.” यावर तह असा झाला की गुणाकार मराठीत विचारायचा. आता मामा नुसतं “तीन सक?” म्हणतात आणि लीड्सहून “अठरा” येतात. भागाकाराचं अजून काही ठरलेलं नाही.

याच बहिणीची पहिल्या वर्षीची गोष्ट. तिच्या निबंधावर तिथल्या प्राध्यापकांनी ‘क्वाइट गुड’ असा शेरा मारला. तिनं फोन केला, मामींनी गल्लीत पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात गुण आले आणि कळलं की इंग्रजाच्या तोंडचं ‘क्वाइट गुड’ म्हणजे ‘ठीक आहे, चालवून घेऊ’. डॅलसच्या भावाला त्याच्या साहेबानं हेच दोन शब्द म्हटले असते तर पेढे वाजवी ठरले असते. अमेरिकनाच्या तोंडी ‘क्वाइट’ म्हणजे चांगलंच, इंग्रजाच्या तोंडी बऱ्यापैकी. अक्षरं तीच, वजन वेगळं. मामींचं म्हणणं असं की वाटलेले पेढे काही परत मागता येत नाहीत.

हे आपल्यासारख्यांचंच होतं असं समजू नये. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन सेनाधिकारी एका बैठकीत बसले होते. इंग्रजांना एक कागद तातडीनं चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते म्हणाले, हा आपण ‘टेबल’ करू. अमेरिकन म्हणाले, मुळीच नाही. कारण त्यांच्याकडं कागद टेबल करणं म्हणजे तो बाजूला सारून विसरून जाणं. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग लक्षात आलं की दोघांनाही तेच हवं होतं. चर्चिलनं महायुद्धाच्या इतिहासात हे लिहून ठेवलंय. आमच्या तहसिलीतला कुणी तिथं असता तर त्यानं तिसरा अर्थ काढला असता. इथं कागद टेबलावर असतो, पण हलतो टेबलाखालून.

तो किस्सा हसण्यावारी गेला. कोरियातला गेला नाही. एप्रिल १९५१, इमजिन नदी. इंग्रजांची ग्लॉस्टर पलटण एका टेकडीवर चिनी फौजेनं घेरलेली. अमेरिकन सेनापतीनं विचारलं, परिस्थिती कशी आहे? ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी इंग्रजी रिवाजाप्रमाणे म्हणाला, जरा चिकट आहे. इंग्रजाच्या भाषेत याचा अर्थ ‘आता सगळं संपत आलंय’. अमेरिकनानं शब्दशः घेतलं. जरा चिकट आहे ना, मग निभेल. पलटण टेकडीवरच राहिली, आणि पाचशेच्या वर सैनिक चिन्यांच्या कैदेत गेले.

हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो ब्रिगेडियर चाकूर तालुक्यातला वाटला.

कारण हे बोलणं माझ्या ओळखीचं आहे. २०१६चा उन्हाळा आठवा. लातुरात नळाला महिनोन्‌महिने पाणी नव्हतं. पाण्याच्या टाक्यांभोवती मार्चमध्ये जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे स्टेशनवर. मी नांदेडहून घाबरून मामांना फोन केला.

“मामा, कसं चाललंय?”

“बरं हाय की.”

“पाण्याचं काय?”

“पाण्याची जरा अडचण हाय.”

जरा! जगाच्या पाठीवर पिण्याचं पाणी आगगाडीनं यावं लागलेली शहरं किती असतील? त्या वेळी मामींच्या घरात अंघोळीचं पाणी परातीत साठवून तेच पुढं फरशीला आणि मग तुळशीला जात होतं. तुळशीला चालतं का, असा धार्मिक पेच मामींना पडला होता तो वेगळाच. तरी मामांच्या लेखी जरा अडचण. शेतातलं सोयाबीन करपून गेलेला माणूस इथं ‘पावसानं थोडी वढ दिली’ म्हणतो. जेवण अप्रतिम झालं तर ‘वाईट न्हाई’. जावई कलेक्टर झाला तर ‘नोकरीला हाय’. डॅलसच्या भावानं तेव्हा तिकडून फोन केला, ‘जरा अडचण’ ऐकली, आणि इतकी वर्षं अमेरिकेत राहून बिघडलेला असल्यामुळं निवांत झाला. लीड्सच्या बहिणीनं तेच शब्द ऐकले आणि त्याच रात्री पैसे पाठवले. टँकरसाठी घ्या म्हणाली. तिला इंग्रजांनी नीट शिकवलं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की मराठवाड्याचा माणूस आणि इंग्रज यांचं आतून कुठंतरी गोत्र जुळतं. दोघंही संकट लहान करून सांगतात. इंग्रज हे सभ्यतेपोटी करत असेल. आमचा माणूस करतो कारण संकट मोठं करून सांगितलं तरी कुणी लवकर येत नाही, हा त्याचा पिढ्यांचा अनुभव आहे. अमेरिकनाचं उलट. त्याला सँडविचही ‘ऑसम’ लागतं. त्यामुळं तो चांगलं म्हणाला की चार आणे कापून घ्यावे, आणि आमचा माणूस वाईट म्हणाला की चपला घालून निघावं. पुण्याचा ‘बघू’ म्हणाला तर काय करावं, यावर आमच्याकडं अजून एकमत नाही.

शब्दांच्या या घोटाळ्यावर आमच्याकडं एक जुना उपायही आहे. लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. लाल कंधारी आणि देवणी जनावरांचा बाजार असतो, गिऱ्हाईक तेलंगणा-कर्नाटकातूनही येतं. जुने व्यापारी सौदा करताना हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. वर तोंडानं हवापाण्याच्या गोष्टी चालू, खाली खरा व्यवहार. तेलुगू, कानडी, मराठी, कुणाचं अडत नाही. महायुद्धातल्या त्या बैठकीत टेबलाऐवजी एक रुमाल असता तर बराच वेळ वाचला असता.

परदेशातलं एवढं कळून माणूस शहाणा होतो म्हणावं तर नांदेड-लातूर आहेच. अंतर तीन तासांचं. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले, दोघांनाही महसूल आयुक्तालय आपल्याकडं हवं. मामांच्या मते नांदेडचा माणूस बोलताना ओरडतो. माझ्या मते लातूरचा माणूस बोलताना ट्यूशन घेतो. मी ‘कामून?’ म्हटलं की मामा हसतात, आणि ते ‘येलालो’ म्हणाले की मी अर्धा तास उशिराचा हिशेब धरतो. टेक्साससाठी मात्र मामांनी सवलत ठेवलेली नाही. मागं भावानं येण्याची तारीख ६/७ अशी कळवली. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे ७ जून. मामांनी ६ जुलैला जीप सांगून ठेवली. भाऊ हैदराबादच्या विमानतळावर दोन बॅगा आणि बायकोसह उभा, आणि मामा लातुरात दुपारची झोप काढतायत. त्याचा फोन आला तेव्हा तो तापलेला होता, संतापाची सगळी अमेरिकन विशेषणं वापरून झाली होती. मामांनी ती ऐकून घेतली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “जरा घोळ झाला वाटतं. तिथंच थांबा.”

त्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, कौतुक सांगायला हवं. मराठीच, पण वाढल्या न्यू जर्सीत. लातुरात पहिल्याच मुक्कामात त्यांनी शेंगदाण्याची चटणी केली, खलबत्त्यात कुटून, लसूण नीट घालून. आम्ही सगळे मामींच्या तोंडाकडं बघत होतो. मामींनी भाकरीला लावून एक घास खाल्ला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, “वाईट न्हाई.”

वहिनींचा चेहरा पडला. भावानं हळूच इंग्रजीत समजावलं की आईनं इतकं कौतुक त्याच्या बारावीच्या निकालाचंही केलं नव्हतं. मामांनी मान डोलावून दुजोरा दिला. वहिनी हुरूपल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा चटणी केली, तिसऱ्या दिवशीही केली. तेव्हा मामी ताटाकडं बघत म्हणाल्या, “रोज रोज कशाला त्रास घेतीस माय?”

याचा अर्थ काय, यावर घरात दोन तट पडले. भाऊ म्हणाला, तिला सुनेची काळजी वाटते. मी म्हणालो, चटणी पुरे झाली. मामांनी नेहमीप्रमाणे लीड्सला फोन लावून मुलीला विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि आधी एक प्रश्न केला, “म्हणताना आईनं ताट पुढं सरकवलं होतं का मागं?”

ते कुणी बघितलंच नव्हतं.